घरच्या टाकीत सॉफ्ट कोरल वाढवून विकायचं? आधी कायदा, मग ब्लेड, मग हिशोब

व्हिडिओमध्ये लेदर कोरल कापताना दाखवलं, तेव्हापासून दुकानात एकच प्रश्न येतोय: "सर, एकाचे आठ होतात, मग यात पैसा किती?" गेल्या आठवड्यात तर एक जण बायकोचे दागिने गहाण ठेवून दीड लाख उभे करायच्या तयारीत आला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात कायद्यापासून, कारण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कडक सांगाड्याचे म्हणजे रीफ बांधणारे सगळे प्रवाळ आहेत. सोबत काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. यांचा धंदा केला तर ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. मेलेला, वाळलेला तुकडासुद्धा यातून सुटत नाही. त्यामुळे मालवणला फिरायला गेलो आणि एक तुकडा उचलून आणला, हे डोक्यातही आणू नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

सॉफ्ट कोरलला कडक सांगाडा नसतो, मांसल अंगात चुन्याचे बारीक कण असतात एवढंच. वर दिलेल्या यादीत लेदर, झेनिया, केनिया ट्री ही नावं नाहीत. पण म्हणून रान मोकळं असं समजू नका. पहिला तुकडा पक्क्या बिलावर घ्या, आयात केलेला असेल तर कागदांची प्रत मागा, आणि विक्री सुरू करण्याआधी तुमच्या वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. विकणारा म्हणाला "काही होत नाही हो, सगळेच विकतात", तर तिथून निघा. तुकडे चिकटवायलाही समुद्रातला दगड नको, सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे प्लग वापरा.

आता टाकी. नवीन टाकी भरली की किमान ४ ते ६ आठवडे त्यात कोरल टाकायचा नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबायचं. पाणी आरओचं, आणि मीठ मरीन सॉल्टच, एका लिटरला साधारण ३६ ग्रॅम. घरातलं मीठ चालत नाही, चौपाटीवरचं पाणी तर अजिबात नाही. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २४ ते २७ अंश, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच. गंमत म्हणजे सॉफ्ट कोरलला एकदम चकाचक पाणी मानवत नाही, थोडं नायट्रेट असलेलं बरं. अंगातल्या शेवाळाला प्रकाश मिळाला की ते अन्न बनवतं, त्यावर याचं बरंचसं भागतं. लाइट मध्यम हवा, दिवसाला ८ तास पुरे.

आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. खोलीत ३६ अंश असताना टाकी ३१ च्या वर जाते आणि कोरल आक्रसायला लागतो. पंख्यावर थोडं भागतं, पण पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात चिलर लागतोच. लाइट गेली तर वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालला पाहिजे. पाणी हललं नाही की प्राणवायू संपतो, आणि चार तासांत चार महिन्यांची मेहनत जाते.

कापायला सर्वांत सोपा टोडस्टूल लेदर. मोठ्या अळंबीसारखा दिसतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच बसायचं, कारण काही कोरल विषारी असतात. झोअँथिडमधलं पॅलिटॉक्सिन तर जीवघेणं आहे, नवख्याने त्याच्या नादाला लागूच नये. टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत कोरल काढा, नव्या धारदार ब्लेडने टोपीचे २-३ सेंटीमीटरचे तुकडे करा. कात्रीने चेंगरू नका. भरपूर चिकट द्रव सुटतो, तो दुसऱ्या पाण्यात हलक्या हाताने धुवून टाका. हे पाणी परत टाकीत ओतायचं नाही.

इथे बरेच जण फेव्हिक्विकसारखा गम लावतात. ओल्या बुळबुळीत अंगावर तो धरत नाही, दुसऱ्या दिवशी तुकडे टाकीभर तरंगतात. त्यापेक्षा तुकडा प्लगवर ठेवून सैल रबरबँड लावा, किंवा डब्यात प्लग मांडून वर जाळी ताणा. प्रवाह मंद ठेवा. १ ते ३ आठवड्यांत तो स्वतःच चिकटतो. उरलेलं देठ मूळ जागी परत ठेवा, त्याला पुन्हा टोपी फुटते. त्या दिवसांत फिल्टरमध्ये ताजा कार्बन हवाच, कारण लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांना त्रास देतो. झेनियाला तर कापायचीही गरज नाही, शेजारी प्लग ठेवला की तो चालत येतो. केनिया ट्री स्वतःच फांद्या गाळतो.

आता वही काढा. समजा १५० लिटरची टाकी आहे. लाइट, पंप आणि चिलर मिळून उन्हाळ्यात रोज ४.६ युनिट, म्हणजे महिन्याला १३८. युनिट १० रुपये धरलं तर १,३८० रुपये. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर महिन्याला ६० लिटर, म्हणजे जवळपास २.२ किलो मीठ. ४०० रुपये किलोने ८८०. कार्बन, टेस्ट किट, आरओचे फिल्टर मिळून ७०० धरा. एकूण २,९६०. (भाव तुमच्या बिलावरचे घाला, मी हिशोबाची पद्धत दाखवतोय.)

आता जमा बाजू. तीन मदर कॉलनी, चार महिन्यांतून एकदा कापल्या, प्रत्येकीचे आठ तुकडे. झाले २४. चार गेले असं धरा, उरले २०. म्हणजे महिन्याला ५. तुकडा ६०० ला गेला तर ३,०००. हातात राहिले ४० रुपये! त्यात तुमची मजुरी नाही, टाकीचे पैसे नाहीत, कर्जाचं व्याज नाही. एकाचे आठ होतात हे खरंच आहे, पण ते आठ मोठे होईपर्यंत मीटर फिरत असतो.

म्हणून त्या भल्या माणसाला सांगितलं, दागिने कपाटातच राहू द्या. ज्याची टाकी हौसेपोटी आधीच चालू आहे, त्याला यातून मीठ-विजेचा खर्च सुटतो. ज्याचं मत्स्यालयाचं दुकान आहे, त्याला खरी कमाई होते ती तयार खारं पाणी विकण्यातून आणि टाक्यांच्या देखभालीच्या महिनेवारी कामातून. कोरलचा तुकडा त्या गिऱ्हाइकाला दुकानात परत आणतो.

विकताना तुकडा प्लगवर पक्का बसून पूर्ण उघडलेला हवा, ताजा कापलेला देऊ नका. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा: टोडस्टूल मधूनमधून आठवडाभर मिटून बसतो, अंगावर मेणासारखी साल येते आणि गळते. हे सांगितलं नसेल तर तिसऱ्या दिवशी फोन येतो, "दादा, तुमचा कोरल मेला."