बिअर न आवडणाऱ्यांनी पुण्यात काय मागवावं?

भोर-वेल्ह्याकडच्या मंडळींनो, 'बिअर म्हणजे कडूच' हा समज अर्धाच खरा. कडूपणा मुख्यतः हॉप्सचा, आणि तो आयबीयू या एककात मोजतात. अमेरिकन आयपीए या प्रकारच्या बिअरमध्ये तो साधारण 40 ते 70 असतो, तर गव्हाच्या जर्मन हेफेवाइझेनमध्ये जेमतेम 8 ते 15. वर यीस्टमुळे येणारा केळी-लवंगेचा वास. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून अशी ताजी बिअर शहरात मिळते.

'बिअरमध्ये तांदूळ घालणं म्हणजे भेसळ' हा आक्षेपही टिकत नाही. तांदळाने बिअर हलकी होते आणि तो आधी शिजवावा लागतो, म्हणजे काम वाढतंच. मग आपल्या मावळातला आंबेमोहर का नको? उकळताना त्याचा बराच सुगंध उडेल, हे मान्य. पण हलकेपणा उरेलच. नावड बिअरची आहे की कडूपणाची, एवढं आधी ठरवा.