उंबर आणि केंबरे : एका वृक्षाची व एका कीटकाची तुलना

क्वचितच दर्शन देणाऱ्या व्यक्तीस मराठीत 'उंबराचे फूल' म्हणतात, तर झाकलेले उणे उकरून काढण्यास 'उंबर फोडून केंबरे काढणे'. एका वाक्प्रयोगात वृक्ष आहे, दुसऱ्यात कीटक. वस्तुतः दोन्ही एकाच घटनेची दोन अंगे होत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

उंबराचे, म्हणजे फायकस रेसिमोजाचे, आपण ज्यास फळ समजतो तो कुंभासनी फुलोरा होय. त्याच्या पोकळीत असंख्य सूक्ष्म फुले असतात. म्हणूनच 'फूल' दिसत नाही. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स या जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या कीटकाची मादी परागकण घेऊन अरुंद मुखातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती काही फुलांत अंडी घालते, इतर फुलांवर पराग टाकते आणि तेथेच मरते. पुढे काही आठवड्यांनी बिनपंखी नर प्रथम बाहेर पडतात, माद्यांशी समागम करतात, भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचेही आयुष्य संपते. तोवर नरपुष्पे पक्व झालेली असतात. त्यांचे पराग घेऊन नव्या माद्या उडून जातात. (उंबरातील सर्वच केंबरे परागवाहक नसतात, काही निव्वळ परोपजीवी असतात.)

वृक्ष अनेक दशके जगतो, तर प्रौढ मादीस एक-दोन दिवसच मिळतात. परंतु अवलंबित्व मात्र विषम नाही. कीटकाविना उंबरास बीज नाही, उंबराविना कीटकास घर नाही. त्यातच एका झाडावरील फुलोरे बहुधा एकाच वेळी पक्व होतात, त्यामुळे उडालेल्या मादीस योग्य अवस्थेतील दुसरे झाड गाठावे लागते. रस्तारुंदीकरणात 'एक उंबर गेला, दहा रोपे लावली' असा हिशेब मांडला जातो, तेव्हा हा मुद्दा निसटतो असे मला वाटते. रोप फुलोऱ्यावर येईपर्यंत कीटकाच्या कितीतरी पिढ्या लोटतात.

आपल्या अभ्यासक्रमात वृक्ष वनस्पतिशास्त्राकडे, कीटक प्राणिशास्त्राकडे अशी वाटणी झाली आहे. दोन्ही विभागांना एकत्र करता येण्याजोगे प्रात्यक्षिक मात्र सोपे आहे. पिकू लागण्याच्या बेतात असलेली काही उंबरे बरणीत ठेवून तोंडास मलमल बांधावी. अवस्था नेमकी साधली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कापडावर परागकण वाहणाऱ्या माद्या दिसतात.