देडतलाईची चौथी भाषा

देडतलाई हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. बऱ्हाणपूरहून मेळघाटातील धारणीकडे निघाले म्हणजे मध्य प्रदेशाची हद्द संपण्यापूर्वी हे गाव लागते. १९५६ पूर्वी निमाड आणि मेळघाट हे दोन्ही मुलूख एकाच प्रांतात नांदत होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, मेळघाट मुंबई राज्यात आणि १९६० साली तेथून महाराष्ट्रात आला, देडतलाई मध्य प्रदेशात राहिली. नकाशावर रेघ ओढली गेली खरी, पण भाषांना हद्दीचे दगड दिसत नसतात. या टापूत कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी एकाच बाजारात एकमेकींशी भाव ठरवीत असतात. अरबी समुद्राच्या काठी बसून आम्ही सातपुड्यातल्या या गावाविषयी लिहीत आहोत, याचे कारण असे की, आपल्या महाविद्यालयांतील इंग्रजीचा प्रश्न तेथे जितका उघडा दिसतो तितका मुंबई-पुण्यात, किंवा आमच्या पणजी-मडगावातही, दिसत नाही.

विद्यापीठाच्या कागदोपत्री इंग्रजी ही विद्यार्थ्याची ‘द्वितीय भाषा’. या टापूतील कोरकू मुलापुरते हे गणित मांडून पाहावे. घरी कोरकू. ही मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली, आणि त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा. मराठी-हिंदीशी तिचे रक्ताचे नाते नाही. बाजारात निमाडी किंवा मराठी. शाळेत पहिल्या दिवसापासून हिंदी. तेव्हा इंग्रजीचा क्रमांक चौथा लागतो. घटनेच्या ३५० (अ) या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना १९५६ सालीच सांगितले आहे. त्या सांगण्याचे कोरकूच्या बाबतीत काय झाले, हे विचारण्याचे धाडस करावे अशी स्थिती नाही. मराठी घरातील मुलाची वाट त्यामानाने सोपी, कारण लिपी तीच आणि शब्दही पुष्कळसे तेच. तरी त्याच्याही वाट्याला इंग्रजी तिसरी म्हणूनच येते.

हा मुलगा बारावी होऊन बऱ्हाणपूरच्या किंवा खंडव्याच्या महाविद्यालयात जातो. तेथे पदवीच्या अभ्यासात ‘आधार पाठ्यक्रम’ म्हणून हिंदीबरोबर इंग्रजीही असते. बरीच वर्षे त्या इंग्रजीच्या पुस्तकात रवींद्रनाथांची कविता, आर. के. नारायण यांची कथा आणि महात्मा गांधींचा राष्ट्रीय शिक्षणावरील लेख असे वेचे नेमलेले होते. निवड कोणालाही नावे ठेवता येणार नाहीत अशी आहे. परकीय माध्यमातून खरे शिक्षण अशक्य आहे, असे गांधीजींनी १९२१ साली त्या लेखात बजावले होते. १९१६ च्या फेब्रुवारीत काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात इंग्रजीतून बोलावे लागते याची लाज वाटते असेही त्यांनी भर सभेत म्हटले होते. तोच लेख देडतलाईकडचा विद्यार्थी इंग्रजीतून, आणि तोही कुंजीतील तयार उत्तरांच्या रूपाने, पाठ करतो आणि उत्तीर्ण होतो. यावर अधिक भाष्य करण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

पाठ करणे हा आळस आहे, असे प्राध्यापक मंडळी म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. चार पाने इंग्रजी उत्तर, त्यातील निम्मे शब्द न कळता, विरामचिन्हांसकट मुखोद्गत करणे हे अपार कष्टाचे काम आहे. प्रश्न असा की, एवढे कष्ट करणारा विद्यार्थी तेच कष्ट वाचण्यासाठी का करीत नाही? कारण त्याने तो प्रयत्न केलेला असतो आणि तो हरलेला असतो. नव्या विद्यार्थ्याच्या हातातले इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडून पाहावे. पहिल्या दोन पानांवर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत अर्थ लिहिलेले असतात. तिसऱ्या पानावर ते विरळ होतात आणि पाचव्या पानापासून पुस्तक कोरे राहते. पराभव नेमका कोठे झाला ते पेन्सिलीने दाखविलेले असते.

हा पराभव कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आमच्या भाषांत क्रियापद शेवटी येते. वाक्याचा सगळा संसार मांडून झाल्यावर ते कर्त्या पुरुषासारखे येऊन निकाल देते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते आणि मग वाक्य त्याच्या पुढे लांबत राहते. आमचे विभक्तिप्रत्यय नि शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे चिकटतात, इंग्रजीची तसली अव्यये नामाच्या पुढे चालतात. मराठी वा हिंदी वाचणाऱ्याचे मन शेवटच्या शब्दाची वाट पाहत बसते आणि इंग्रजी वाक्याचा अर्थ तोवर हातून निसटलेला असतो. त्यात लिपीची भर. देवनागरीत जे लिहिले ते वाचावे, एवढा साधा करार. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ यांचा स्वर एकाच अक्षराने लिहावयाचा आणि ‘नाइफ’च्या आरंभी न उच्चारावयाचा ‘के’ बसवावयाचा. लहानपणी हे डोळ्यांच्या अंगवळणी पडते. अठराव्या वर्षी प्रत्येक शब्दाशी झटापट करावी लागते. ओळीच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत तिचा आरंभ विसरलेला असतो. या शास्त्रातील अभ्यासकांचा हिशेब असा आहे की, शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तरच मजकूर कोणाच्या मदतीवाचून नीट समजतो. ज्या पुस्तकात शंभरात वीस-पंचवीस शब्द अनोळखी, ते वाच म्हणून सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास भर पावसात मांडवीत ढकलण्यासारखे आहे.

यावर आजवर दोन उपाय झाले. एक, इंग्रजी काढून टाकण्याचा. बिहारात १९६७ साली कर्पुरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीची सक्ती रद्द केली. हेतू शुद्ध होता. इंग्रजीपायी नापास होणारी गरिबांची मुले त्यामुळे पुढे सरकली. परंतु त्या मुलांना ‘कर्पुरी डिव्हिजन’ म्हणून हिणवले गेले, आणि हिणवणाऱ्यांनी आपल्या मुलांचे इंग्रजी सोडले नाही. मध्य प्रदेश सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. त्यांत पारिभाषिक शब्द इंग्रजीच, फक्त नागरी वेषात आहेत, म्हणून त्यांची थट्टा झाली. आम्ही त्या थट्टेत सामील होणार नाही. शरीररचना पहिल्यांदा समजून घेताना पायाखालची भाषा स्वतःची असणे यात काहीही हसण्यासारखे नाही. पण पुढे त्याच डॉक्टराला नव्या औषधाची माहिती वाचावी लागेल, ती इंग्रजीतच असेल. म्हणजे वाचण्यापुरती इंग्रजी चुकत नाही.

दुसरा उपाय बोलण्याचा. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याच्या बसस्थानकाभोवती ‘नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशा पाट्या लागलेल्या दिसतात. विद्यार्थ्याच्या मनातील न्यूनगंडावर उभा राहिलेला हा धंदा आहे. स्वतःची ओळख करून देणारी दहा वाक्ये घेऊन मुलगा बाहेर पडतो. अकरावे वाक्य कोणी विचारले की घाम फुटतो.

कोठारी आयोगाने १९६६ साली इंग्रजीला ‘ग्रंथालयाची भाषा’ म्हटले होते. आम्हांस तो शब्द आजही योग्य वाटतो. मुलखाचा व्यवहार, न्याय, राज्यकारभार आपल्या भाषेत चालावा. इंग्रजी ही कपाटातील पुस्तकांची किल्ली असावी. मात्र ग्रंथालयाची भाषा शिकवावयाची तर ग्रंथालय लागते, याचा विसर पडला.

आपल्याच इतिहासात याचा दाखला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली पुण्यात राष्ट्रीय बाण्याची शाळा काढली तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ ठेवले. लगेच त्यांना येऊन मिळालेले आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, घरची अत्यंत गरिबी. त्यांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ १८८३ साली छापले. त्या पिढीला कोणी बोलण्याचे वर्ग काढून दिले नव्हते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली माणसे आपल्याकडे दोन-तीन पिढ्या होऊन गेली. त्यांचे उच्चार ऐकून इंग्रज हसला असेल, पण तीं मिलपासून स्पेन्सरपर्यंत वाचत होती. त्यांना मराठी भक्कम येत होती, आणि पाठमाला संपली की ती पुस्तकांकडे वळत. आजचा विद्यार्थी पाठमालेवरच थांबतो, आणि ती पाठमालाही कुंजीतून उतरवतो.

समुद्रापलीकडचाही एक दाखला द्यावासा वाटतो. फिजी बेटांत, जेथे आपल्या गिरमिटियांचे वंशज राहतात, १९८० च्या सुमारास काही खेड्यांतील प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. वर्गावर्गात इंग्रजीची सोपी, चित्रांची, मुलांना आवडतील अशी अडीचशे पुस्तके ठेवली आणि मुलांना ती वाचू दिली. मुलांत फिजीयन आणि भारतीय, दोन्ही वंशांची होती. घरी इंग्रजी कोणाच्याच नव्हती. ज्या वर्गांत नेहमीच्या पद्धतीने धडे घोकले जात होते त्यांच्या सुमारे दुप्पट वेगाने या मुलांचे वाचन सुधारले. एली आणि मंगूभाई या दोन अभ्यासकांनी हा वृत्तांत १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. चाळीस वर्षे उलटून गेली, आमच्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांपर्यंत तो पोहोचल्याची चिन्हे दिसत नाहीत.

आमच्या गोव्यातही याविषयी बढाई मारण्याजोगे काही नाही. येथे चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकणारे मूल पाचवीत एकदम इंग्रजीच्या दारात उभे केले जाते. प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून १९९० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये अनुदानाचा वाद पेटला; मोर्चे निघाले, सरकारे हादरली. आम्हीही मातृभाषेच्या बाजूने लेखणी झिजवली आणि पुढेही झिजवू. पण चौथीतून पाचवीत जाणाऱ्या मुलाने आपल्या भाषेतील एक तरी अवांतर पुस्तक पुरे वाचले आहे काय, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात कोणी विचारला नाही. वाचनाची सवय ही एकदाच लागते. मराठीत लागली तर इंग्रजीत तिची नवी लिपी तेवढी शिकावी लागते. मराठीत लागलीच नाही, तर इंग्रजीत ती कोठून येणार? १८३२ साली स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय पणजीत आहे, आणि १९९३ चा ग्रंथालय कायदाही आपल्यापाशी आहे. महाराष्ट्राचा कायदा तर १९६७ चा.

म्हणून आमची सूचना अगदी मोजकी आहे. आधार पाठ्यक्रम असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने एक लोखंडी कपाट घ्यावे आणि त्यात पातळ, सोप्या इंग्रजीतील अडीचशे पुस्तके ठेवावीत: गोष्टी, चरित्रे, शेतीची, आजाराची, क्रिकेटची. निम्मे कपाट हिंदी-मराठीचे असावे, आणि कोरकूत जे काही छापले जाईल ते सर्वांत वरच्या खणात. आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांनी मुकाट्याने वाचावे, प्राध्यापकांनीही त्यांच्यासमोर बसून वाचावे, आणि त्यावर परीक्षा मुळीच घेऊ नये. पुस्तके फाटतील, हरवतील. ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागतील आणि हा खर्च लेखापरीक्षकाने उदार मनाने पाहावा. वेळापत्रकात हा तास बसत नाही असे उत्तर येईल, हे आम्ही जाणून आहोत. कुंजीतील उत्तरे उतरवून देण्यात आज इंग्रजीचा जो तास जातो, तो त्यासाठी रिकामा करून घ्यावा.