वेठीला धरलेला शिमोन

शुभवर्तमानांतील काही माणसे एका वाक्यात येतात आणि त्याच वाक्यात निघून जातात. कुरेनेचा शिमोन हा त्यांपैकी एक. येशू ख्रिस्ताला क्रूसावर खिळण्यासाठी यरुशलेमबाहेर नेत असता शिपायांनी वाटेत या माणसाला धरले व क्रूस वाहायला लावला. मत्तय, मार्क आणि लूक एवढेच सांगतात. योहानाच्या शुभवर्तमानात तर शिमोन नाहीच; तेथे येशू स्वतःच आपला क्रूस वाहतो.

कुरेने हे आजच्या लिबियातील प्राचीन ग्रीक नगर. तेथे यहुद्यांची मोठी वस्ती होती. शिमोन रानाकडून येत होता, असे मार्क व लूक लिहितात. म्हणजे येशूच्या मागे चाललेल्या गर्दीतलाही तो नव्हता. आपल्या वाटेने येणारा एक वाटसरू, इतकेच.

कॅथलिक पंथीयांच्या ‘क्रूसाच्या वाटे’तील १४ स्थानांपैकी पाचवे स्थान शिमोनाचे आहे. तेथे येशूला मदत करणारा म्हणून त्याचे स्मरण होते. पण त्याने ही मदत आपखुशीने केली काय? मार्क आणि मत्तय यांनी वापरलेले ग्रीक क्रियापद मूळ इराणी राजांच्या टपालव्यवस्थेतून आलेले आहे. राजाच्या कामासाठी वाटेवरच्या माणसाला वा जनावराला बळजबरीने राबवणे, हा त्याचा अर्थ. मराठी माणसाला तो फोड करून सांगायला नको. आपल्याकडे ‘वेठ’ हा शब्द आहेच, आणि ती बंद करण्यासाठी आपल्या राज्यघटनेत २३ वे कलम घालावे लागले.

शिमोनाच्या अंगी करुणा चिकटवण्याची गरज मला वाटत नाही. ती त्याच्या मनात असेलही. ग्रंथ त्याविषयी मुका आहे. त्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती, एवढे मात्र उघड आहे. आणखी एक शिमोन या कथेत आहे, तो म्हणजे पेत्र. ‘तुझ्याबरोबर तुरुंगात जाईन, मरणही पत्करीन’ अशा अर्थाची ग्वाही त्याने दिली होती. पण त्याच रात्री त्याने येशूची ओळख तीनदा नाकारली. शब्द देणारा शिमोन दूर राहिला आणि ओझे आले ते काहीच न बोललेल्या शिमोनाच्या खांद्यावर.

मग या माणसाचे महत्त्व कशात? माझ्या मते, त्याचे नाव राहिले यात. मार्क तर ‘आलेक्सांद्र व रूफस यांचा बाप’ अशी त्याची ओळख देतो. ही मुले मार्कच्या वाचकांच्या माहितीतली असावीत. एरवी ती नावे सांगण्याचे कारण काय? ज्यांनी त्याला वेठीला धरले, त्या शिपायांपैकी एकाचेही नाव मार्कने दिलेले नाही.

जगात गड, देवळे, रस्ते उभे राहिले, त्यांत वेठीने किती ओझी वाहिली गेली असतील! बांधवून घेणाऱ्यांची नावे शिलालेखांत असतात. वाहणाऱ्यांची कुठेच नसतात. शुभवर्तमानाने अशा एकाचे नाव, गाव आणि मुलेबाळे नोंदवून ठेवली. ते एक वाक्य मला म्हणूनच मोलाचे वाटते.