शस्त्रक्रिया तिकडे, संसर्ग इकडे

बारा लाखांच्या करमुक्तीच्या जल्लोषात १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पातल्या दोन गोष्टी मागे पडल्या. पहिली, खासगी क्षेत्राला सोबत घेऊन ‘हील इन इंडिया’ला बळ देण्याची आणि त्यासाठी व्हिसाचे नियम सोपे करण्याची घोषणा. दुसरी, परदेशी पैसे पाठवताना कापल्या जाणाऱ्या टीसीएसची मर्यादा १ एप्रिलपासून सात लाखांवरून दहा लाखांवर नेण्याची. म्हणजे उपचारांसाठी इकडे येणाऱ्याची वाट मोकळी होणार आणि तिकडे जाणाऱ्यालाही थोडा दिलासा मिळणार. दोन्ही निर्णयांचं मी स्वागतच करते. पण रुग्ण सीमा ओलांडतो तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय सीमा ओलांडतं, याची चर्चा आपल्याकडे होत नाही. पॅकेज, विमानतळावरची गाडी, दुभाष्या, शेजारचं हॉटेल हे सगळं एजंट सांगतो. जंतूंबद्दल तो बोलत नाही.

त्यासाठी २००८ च्या जानेवारीत जायला हवं. मूळचे भारतीय, स्वीडनमध्ये स्थायिक झालेले एक ५९ वर्षांचे गृहस्थ भारतात आले असताना आजारी पडले. इथल्या रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. स्वीडनला परतल्यावर ते तिथल्या रुग्णालयात दाखल झाले आणि लघवीच्या तपासणीत क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू सापडला. जंतू जुनाच, पण कार्बापेनेम गटातली औषधं, म्हणजे दुसरं काही चालेनासं झाल्यावर डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात ती प्रतिजैविकं, त्याच्यावर निष्प्रभ ठरली. कार्डिफ विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ टिमोथी वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं नवं विकर शोधून काढलं. रुग्ण जिथून आला त्या शहराचं नाव त्याला मिळालं: न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१.

या विकराचं जनुक प्लास्मिडवर बसलेलं असतं. प्लास्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर असणारं डीएनएचं छोटंसं कडं. ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकतं. त्या स्वीडिश रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही हेच जनुक सापडलं, म्हणजे बहुधा त्यांच्या आतड्यातच ही देवघेव झाली होती. रुग्णाला याची चाहूलही लागत नाही. ताप नाही, दुखणं नाही. पुढे कधी मूत्रमार्गात नळी घालावी लागली, पोट उघडावं लागलं किंवा केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या, की आतड्यातला हा शांत भाडेकरू रक्तात उतरतो.

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये वॉल्श आणि सहकाऱ्यांचा पुढचा निबंध आला आणि आपल्याकडे वादळ उठलं. एनडीएम-१ सापडलेल्या ब्रिटनमधल्या २९ रुग्णांपैकी १७ जण आधीच्या वर्षभरात भारतात किंवा पाकिस्तानात जाऊन आले होते आणि त्यातले १४ जण तिथल्या रुग्णालयात दाखल झाले होते. काहींनी सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतली होती. स्वस्त उपचारांसाठी भारतात जाण्याबाबत निबंधात सावधगिरीचा इशारा होता. आरोग्य मंत्रालयाने निषेध केला, आपल्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा हा कट असल्याचं खासदार म्हणाले. शहराच्या नावाबद्दल ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी २०११ मध्ये दिलगिरीही व्यक्त केली. नाव शहराचं नको होतं, हे मलाही पटतं. पण त्या संतापात मूळ प्रश्न पुरता झाकला गेला.

कारण या गदारोळाच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, तोच प्रश्न मुंबईने मांडला होता. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. पायल देशपांडे, डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी आपल्याच प्रयोगशाळेतले २४ कार्बापेनेम-रोधक जंतू तपासले आणि त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ असल्याचं ‘जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’मध्ये लिहिलं. त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी प्रतिजैविकांचा मृत्युलेखच लिहिला होता. कुठल्याही परदेशी नियतकालिकाची वाट न पाहता आपल्या रुग्णालयात काय सापडलं ते उघडपणे छापायला धैर्य लागतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वाधिक आदर वाटतो तो माहीमच्या त्या प्रयोगशाळेतल्या लोकांबद्दल. त्यांचं तेव्हा ऐकलं असतं, तर वॉल्श यांच्यावर रागावण्याची वेळच आली नसती.

वॉल्श यांनी पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. दोन नमुन्यांत हे जनुक होतं. साचलेल्या आणि पाझरणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये ते मिळालं. याचा अर्थ असा की प्रश्न शस्त्रक्रियागृहापुरता नाही, रुग्णालय पंचतारांकित असलं तरी शहर तेच असतं. आयसीएमआरच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत तर रुग्णालयांतून आलेल्या क्लेबसिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांना मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातलं औषध लागू पडत नाही.

फक्त भारताकडे बोट दाखवणंही चूक आहे. २०१९ च्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या तिहुआनात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून आलेल्या अमेरिकी रुग्णांमध्ये कार्बापेनेमला न जुमानणारा स्युडोमोनास हा जंतू सापडला. २०२३ मध्ये मेक्सिकोच्याच मातामोरोस शहरात कंबरेतून भूल देऊन सौंदर्यशस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांना फ्युजेरियम बुरशीचा मेंदूज्वर झाला आणि त्यात मृत्यूही झाले. नेवाडातल्या सत्तरीतल्या एका बाईंची नोंद मात्र वाचून मी हादरले होते. भारतात दीर्घ मुक्कामात त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, हाडात संसर्ग झाला, पुन्हा पुन्हा दाखल व्हावं लागलं. ऑगस्ट २०१६ मध्ये त्या अमेरिकेतल्या रुग्णालयात आल्या. त्यांच्या शरीरातल्या क्लेबसिएलावर तपासलेल्या २६ पैकी एकही प्रतिजैविक चाललं नाही. सप्टेंबरमध्ये त्या गेल्या.

‘परदेशी रुग्ण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओमान, केनिया किंवा बांगलादेशातून आलेलं कुटुंब येतं. पण न्यू जर्सी, दुबई, लंडन इथून डिसेंबरात पुण्याला येणारे आपले काका-मावशीही याच गटात मोडतात. आलोच आहोत तर दात, गुडघा, मोतीबिंदू सगळं उरकून घेऊ, हा विचार चुकीचा नाही. तिकडच्या खर्चापुढे आणि तारखांच्या रांगेपुढे तो अगदी समजण्यासारखा आहे. फक्त ‘उरकून घेणं’ शरीराच्या गतीने व्हायला हवं. दाताचं इम्प्लांट हाडात रुजायला तीन ते सहा महिने लागतात. तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं पूर्ण करून देतो असं कुणी म्हणालं, तर घाई कशासाठी ते विचारावं आणि दोन फेऱ्यांची तयारी ठेवावी.

निघण्याआधी चार ते सहा आठवडे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावं. हेपटायटिस बी ची लस पूर्ण झाली आहे का, हे तेव्हाच पाहता येतं. त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्याच भेटीत विचारावा: परत आल्यावर जखम चिघळली, टाके उसवले, तर तुम्ही बघाल का? दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेची गुंतागुंत अंगावर घ्यायला अनेक डॉक्टर नाखूश असतात. हे उत्तर तिकीट काढण्याआधी मिळालेलं बरं. नेहमीच्या प्रवास विम्यात ठरवून केलेले उपचार आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत सहसा धरलेली नसते. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्यांनी पैशांबद्दल एवढं लक्षात ठेवावं की वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम लागणार असेल, तर रुग्णालयाच्या किंवा डॉक्टरांच्या अंदाजपत्रकावर बँक ती पाठवू शकते.

परतीच्या विमानाबद्दल अनेकजण बेफिकीर असतात. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. त्या दाबाला शरीरात अडकलेली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दहा दिवस विमानात बसू नये, असं अमेरिकेची सीडीसी सांगते. चेहरा, पापण्या, नाक यांच्यावरच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत उड्डाण नाहीच; नाहीतर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. शिवाय पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात तो धडधाकट माणसालाही दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं. गुडघा बदललेल्या माणसाला आधीच काही आठवडे गुठळीची भीती असते, त्यात मुंबई-नेवार्क हा पंधरा-सोळा तासांचा प्रवास. म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढावं आणि बदलण्याची वेळ आली तर पैशांकडे पाहू नये. बँकॉक किंवा इस्तंबूलच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेनंतर समुद्रकिनारा आणि शहरदर्शन जोडलेलं असतं. ताज्या जखमेला ऊन, पोहणं आणि दिवसभराची पायपीट यातलं काहीच मानवत नाही.

माझा सगळ्यात मोठा आग्रह मात्र फाइलबद्दल आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘रुग्णाची प्रकृती स्थिर’ एवढ्यावर समाधान मानू नका. ऑपरेशन नोट मागा, भुलीची नोंद मागा, बसवलेल्या सांध्याचं किंवा स्टेंटचं कंपनी आणि क्रमांक असलेलं स्टिकर मागा, स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक मागा. आणि कल्चरचा रिपोर्ट मागा, काही सापडलं नसलं तरीही. कोणता जंतू, कोणत्या औषधाला दाद देतो, कोणत्याला देत नाही, हे त्या एका कागदावर असतं. सहा महिन्यांनी ताप आला तर तिकडच्या डॉक्टरांचे दोन दिवस त्याने वाचतात, आणि रक्तातल्या संसर्गात ते दोन दिवस निर्णायक असतात.

परत गेल्यावर कुठल्याही कारणाने रुग्णालयात पाय ठेवलात, अगदी दात काढायला, तरी वर्षभरात भारतात दाखल होतो हे आपण होऊन सांगा. ब्रिटनमध्ये परदेशात दाखल झालेल्या रुग्णांची अशा जंतूंसाठी तपासणी करण्याची पद्धत आहे. नेदरलँड्समध्ये तर तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. हे कळल्यावर आपली माणसं दुखावतात, ‘आम्हाला अस्पृश्यासारखं वागवलं’ असंही म्हणतात. ते दुःख मला समजतं. पण शेजारच्या खाटेवर अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण असू शकतो. ती तपासणी त्याच्यासाठी आहे, तुमच्या देशाविरुद्ध नाही.

प्रतिजैविकं उगाच घेऊ नका, हा सल्ला ऐकून कान किटले असतील. तरीही २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला डच प्रवाशांचा अभ्यास पाहा. दोन हजार प्रवासी, बहुतेक निव्वळ फिरायला गेलेले. जाताना ज्यांच्याकडे औषधरोधक आतड्यातले जंतू नव्हते, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोक ते घेऊन परतले. दक्षिण आशियातून परतलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होतं. प्रवासात ज्यांनी प्रतिजैविकं घेतली, त्यांना धोका जास्त. निम्म्या लोकांच्या शरीरातून हे जंतू महिनाभरात गेले, पण दहातल्या एकाकडे वर्षभरानंतरही होते. जुलाब झाले की बॅगेतल्या पाकिटातून गोळी काढायची सवय त्यामुळे खरोखर घातक आहे.

आता उरला सरकारचा भाग. एजंटांनी आणि रुग्णालयांनी परदेशी रुग्णाला जी माहितीपुस्तिका द्यायची, तिच्यात त्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाचं प्रमाण छापलेलं असावं. आज एनएबीएचचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसतं, आकडा रुग्णाला सहजी दिसत नाही. इथल्या रुग्णालाही तो दिसत नाही, आणि त्याला तर वर्षानुवर्षं त्याच वॉर्डात उपचार घ्यायचे असतात. ‘हील इन इंडिया’साठी व्हिसाचे नवे नियम लिहायला बसणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही एक अट त्यात घालावी आणि तिच्यात परदेशी व भारतीय असा भेद ठेवू नये.