विश्वास दवाखान्यातच सिद्ध व्हावा

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टीही जाऊ शकते. पडद्याच्या छायाचित्रावरून हा विकार ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडली. अमेरिका व भारतातील सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रांवरून ती शिकली होती. तिची अचूकता नेत्रतज्ज्ञांच्या तोडीची ठरली.

थायलंडमधील ११ दवाखान्यांतील अनुभव मात्र निराळा होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तेथील १८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे प्रणालीने अस्पष्ट ठरवून नाकारली. बहुतेक ठिकाणी खोलीत अंधार करण्याची सोय नव्हती. त्यामुळे डोळ्याची बाहुली पुरेशी मोठी होत नसे. संशयास्पद चित्रावर निदान न करणे ही प्रणालीची सावधगिरी रास्तच होती; परंतु तिची किंमत रुग्णाने मोजली. त्याला पुन्हा दुसऱ्या रुग्णालयाची वाट धरावी लागे.

तात्पर्य, अचूकतेचा आकडा म्हणजे विश्वास नव्हे. यंत्राची परीक्षा आपल्यासारख्याच दवाखान्यात झाली आहे काय आणि ते निरुत्तर झाल्यास रुग्णाची जबाबदारी कोणाची, याची उत्तरे आधी मिळावयास हवीत.