फुटबॉलचे साधे नियम : कडेला उभ्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी



गोव्यात फुटबॉल हा २०१२ पासून राज्याचा अधिकृत खेळ आहे. तरी आपल्या मंडळातील माझ्या वयाचे बरेच सभासद क्रिकेटवरच वाढले. मीही त्यातलाच. गेल्या वर्षी नातवाच्या शाळेचा सामना पाहायला गेलो होतो. त्याने मारलेला गोल रेफरीने नाकारला आणि मी कडेला उभा राहून मोठमोठ्याने आक्षेप घेतला. रेफरी म्हणजे जेमतेम कॉलेजात जाणारा मुलगा होता. परतताना गाडीत नातू हळूच म्हणाला, "आजोबा, मी ऑफसाइड होतो. तुम्ही ओरडलात ना, मला लाज वाटली."

बँकेत उभी हयात नियमावर बोट ठेवून काम केलेल्या माणसाला हे लागले. मग नियम नीट समजून घेतले. तेच येथे थोडक्यात देत आहे.

संघ आणि वेळ : प्रत्येक संघात ११ खेळाडू, त्यातील एक गोलकीपर. सामना ४५ मिनिटांच्या दोन भागांत, एकूण ९० मिनिटांचा असतो. मध्यंतर जास्तीत जास्त १५ मिनिटांचे. दुखापत, खेळाडू बदलणे यात गेलेला वेळ रेफरी प्रत्येक भागाच्या शेवटी भरून देतो. लहान मुलांच्या सामन्यात वेळ, मैदान आणि खेळाडूंची संख्या वयानुसार कमी ठेवतात.

गोल : दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांड्याची उंची २.४४ मीटर. चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला तरच गोल. थोडासा भाग रेषेवर असला तरी गोल नाही.

चेंडू बाहेर गेल्यास : बाजूच्या रेषेबाहेर गेला तर थ्रो-इन. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांनी, डोक्यामागून वरून फेकायचा. गोलच्या बाजूच्या रेषेबाहेर हल्ला करणाऱ्या संघाकडून गेला तर गोल किक, बचाव करणाऱ्यांकडून गेला तर कॉर्नर.

फाउल : पाय घालून पाडणे, ढकलणे, धरून ठेवणे, मुद्दाम चेंडूला हात लावणे हे फाउल. त्याबद्दल समोरच्या संघाला फ्री किक मिळते. असा फाउल बचाव करणाऱ्याने स्वतःच्या गोलसमोरील मोठ्या चौकटीत केला तर ११ मीटरवरून पेनल्टी. मात्र चेंडू हाताला लागला की दर वेळी फाउल होतोच असे नाही. हात अंगाला चिकटलेला असताना चेंडू येऊन आदळला तर खेळ सहसा चालू राहतो. कधी फाउल होऊनही रेफरी हात पुढे करून 'खेळत राहा' अशी खूण करतो. ज्याच्यावर फाउल झाला त्याच संघाकडे चेंडू असून त्याचा फायदा होत असेल, तर खेळ थांबवण्यात अर्थ नसतो. त्याला फाउल दिसला नाही असे समजून आपण ओरडू नये.

कार्डे : पिवळे कार्ड म्हणजे ताकीद. दोन पिवळी झाली की लाल. लाल कार्ड मिळालेला खेळाडू बाहेर जातो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. ही कार्डे विश्वचषकात प्रथम १९७० मध्ये, मेक्सिकोत वापरली गेली.

ऑफसाइड : क्रिकेटमध्ये जसे पायचीत, तसे फुटबॉलमध्ये ऑफसाइड. सर्वाधिक वाद इथेच होतात. सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असाल, चेंडूच्या पुढे असाल आणि तुमच्या पुढे गोलरेषेकडे दोन प्रतिस्पर्धी नसतील, तर तुमची जागा ऑफसाइड. त्या दोघांपैकी एक बहुधा गोलकीपर असतो. दुसऱ्याच्या बरोबरीच्या रेषेत असाल तर चालते.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, नुसते तिथे उभे राहणे हा गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला किंवा प्रतिस्पर्ध्याला अडथळा केला तरच शिट्टी वाजते. दुसरी, पाहायचा तो चेंडू मारल्याचा क्षण, मिळाल्याचा नव्हे. चेक कोणत्या तारखेचा आहे ते पाहतात, वटला कधी ते नव्हे, तसेच हे. आपली नजर चेंडूमागे धावते. तो पोहोचेपर्यंत खेळाडू आणखी पुढे गेलेले असतात किंवा मागे आलेले असतात. म्हणून कडेवरून आपला अंदाज हमखास चुकतो. थ्रो-इन, कॉर्नर किंवा गोल किकवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसते.

हा नियम नसता तर खेळाडू समोरच्या गोलपाशीच तळ ठोकून बसले असते आणि खेळ लांब लांब किका मारण्यापुरता उरला असता. १९२५ पर्यंत तर पुढे दोनऐवजी तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. गोल फार कमी होऊ लागले म्हणून ती संख्या घटवली.

हे सारे समजल्यावर माझे ओरडणे आपोआप थांबले. यंदा नातवंडांच्या सामन्याला जरूर जा. टाळ्या दोन्ही संघांसाठी वाजवा. रेफरीचा निर्णय पटला नाही, तर घरी येताना नातवाला विचारा. तो आनंदाने समजावून सांगेल.